नायट्रो इंजिनाचा ट्रक : सुधारणा आणि जुळणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे भोर संस्थानावर लेख मागितला होता. इतिहासाच्या शिक्षकाकडून तीच अपेक्षा रास्त होय. तथापि संस्थानावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्या कार्यशाळेतील लाकडी पेटीत ठेवलेल्या पावणेदोन फूट लांबीच्या ट्रकवर लिहिणारे कोणी नाही. ज्या पालकांनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी मैदानात धुरळा उडवीत धावणारी ती गाडी पाहिली, त्यांपैकी अनेकांनी मला विचारले की शाळेत हे महागडे खेळणे कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनही हा लेख वाचावा.

हा ट्रक आपल्या एका माजी विद्यार्थ्याने दिला. तो चाकणच्या एका वाहन कारखान्यात नोकरीस आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ट्रॅक्सस कंपनीने ‘टी-मॅक्स’ नावाचा ट्रक १९९९ साली बाजारात आणला. आपल्याकडे आला तो त्याच घराण्यातील, नंतरच्या ३.३ घनसेंटिमीटर इंजिनाचा, आणि वापरलेला. चारही चाकांना ओढ, आपोआप बदलणारे दोन गिअर, प्रत्येक चाकाला दोन असे आठ शॉक अ‍ॅब्सॉर्बर. बाजारात मिळणाऱ्या सेलवरच्या मोटारी आणि हा ट्रक यांत फरक एवढाच की याच्या पोटात खरे इंजिन आहे. ते रागावते, रुसते आणि मरतेही.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी लुना होती त्यांना हे इंजिन परके वाटणार नाही. कायनेटिक कंपनीची ५० सीसीची लुना १९७२ साली आली आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकण्याची सवय तिने खेड्यापाड्यांत नेली. तेच हे टू-स्ट्रोक तत्त्व. वेगळी ऑइलची टाकी नाही, झडपा नाहीत. इंधनाबरोबर जे तेल आत जाते तेवढ्यावरच पिस्टनचे आणि बेअरिंगचे आयुष्य अवलंबून. आकार मात्र लुनाच्या पंधराव्या हिश्शाचा, आणि मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेण्याची तयारी.

याच्या इंधनात पेट्रोलचा थेंबही नसतो. मुख्य भाग मिथेनॉल, त्यात साधारण दहा ते तीस टक्के नायट्रोमिथेन, आणि उरलेले तेल. या तेलात आपले एरंडेलही असते, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पोट साफ करण्यासाठी आजी चमच्याने पाजते तेच एरंडेल पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांतही जळत होते. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. फार उष्णतेतही ते धातूला चिकटून राहते हा त्याचा गुण. नायट्रोमिथेनचे काम निराळे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.४ किलो, आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो, कारण तो आपला बराचसा प्राणवायू रेणूतच बाळगून येतो. सिलिंडरमध्ये मावणारी हवा ठरलेली असते. तेवढ्याच हवेत अधिक इंधन जाळता आले की अधिक ताकद मिळते.

स्पार्क प्लगही येथे नाही. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त बारीक तारेचे वेटोळे सुरुवातीला सेलवर लाल करावे लागते. इंजिन चालू झाल्यावर सेल काढून घेतला तरी तार विझत नाही. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची बाष्पे स्वतःच पेट घेतात. प्लॅटिनमच्या या करामतीवर जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर याने १८२३ साली दिवा पेटवून दाखविला होता. अमेरिकेतील रे आर्डेन याने दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा उपयोग छोट्या इंजिनांसाठी केला आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

येथे पालकांच्या काळजीचा विषय येतो आणि ती काळजी योग्य आहे. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. आणि ती बहुतांशी हातावर पोट असणारी माणसे होती. थोडे पोटात गेले तर डोळे जातात, अधिक गेले तर जीव. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. निवासी शाळेत असा पदार्थ ठेवताना मला अनेक रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो. इंधन आम्ही कधीही स्वतः मिसळत नाही. तयार डबा आणतो, तो कुलपात राहतो, किल्ली माझ्याकडे. टाकी भरताना हातमोजे, उघडी जागा, आणि भरणारा विद्यार्थी कधीही एकटा नसतो. पाण्याच्या बाटलीत इंधन ओतणे हा आमच्या कार्यशाळेतील एकमेव अक्षम्य गुन्हा आहे.

आता सुधारणांविषयी. मुलांना सुधारणा म्हटली की मोठे इंजिन, चकचकीत सायलेन्सर आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग डोळ्यांसमोर येतात. आमचा पहिला खर्च झाला तो एअर फिल्टरवर. वेल्ह्याकडील तांबडी माती पिठासारखी बारीक असते. डिसेंबरनंतर ती नुसत्या वाऱ्यानेही उडते. फिल्टरच्या फोमला तेल नसेल किंवा रबरी गळ्यात चीर असेल, तर ही माती कार्ब्युरेटरमधून आत जाऊन पिस्टनला पॉलिश कागदासारखी घासते. म्हणून दुहेरी फोमचा फिल्टर, प्रत्येक दोन-तीन टाक्यांनंतर धुणे, पुन्हा तेल लावणे, आणि गळ्याला घट्ट पट्टी. दिसायला यात काहीच नाही. पण याच्याआधी दुसरे काही घेणे म्हणजे गळक्या छपराखाली नवा गालिचा अंथरणे.

दुसरा खर्च रेडिओवर. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचाऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा घेतला आणि त्यात अशी व्यवस्था केली की संदेश तुटताच सर्व्हो आपोआप ब्रेक लावेल. पाच किलोंच्या आसपासची वस्तू ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने मुलांच्या पायांकडे निघाली तर काय होईल, याचा विचार करणाऱ्याला या खर्चाचे समर्थन द्यावे लागत नाही. रिसीव्हरचे साधे पेन्सिल सेल काढून पाच घटकांची भरता येणारी बॅटरी बसविली, ती याच कारणासाठी.

डिफरन्शियलचे काम मात्र मुलांनीच शोधून काढले. दगडांवर एक चाक अधांतरी झाले की तेच वेड्यासारखे फिरे आणि ट्रक जागीच उभा. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना फ्रान्सच्या पेकर याने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी केली. तिची अडचणही तेव्हापासूनचीच. उपाय असा की आतील पातळ ग्रीस पुसून घट्ट सिलिकॉन तेल भरावे. आम्ही पुढे अधिक घट्ट आणि मागे त्याहून पातळ भरले. ट्रक आता दगडातून ओढ घेतो आणि मागचा भाग वळणावर अडतही नाही.

नव्या इंजिनाला रुळवण्याची पद्धत सांगणे येथे आवश्यक आहे, कारण दुसरे इंजिन आपणास का घ्यावे लागले याचा उलगडा त्यातच आहे. या इंजिनाची स्लीव्ह पितळेची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. थंड असताना पिस्टन तेथे अडकतो, आणि गरम झाल्यावर पितळ प्रसरण पावून नेमकी जागा करून देते. म्हणून पहिल्या चार-पाच टाक्या इंधन मुबलक ठेवून, हलक्या हाताने, पण इंजिन पुरेसे गरम ठेवून चालवायच्या, आणि दोन टाक्यांमध्ये ते पूर्ण थंड होऊ द्यायचे. फार थंड चालविले तरी ते वरचे टोक झिजते. हे सारे मी वाचले होते, फळ्यावर आकृती काढून शिकविलेही होते.

कार्ब्युरेटरला दोन सुया असतात. मोठी सुई पूर्ण वेगाचे इंधन ठरविते, लहान सुई मंद गतीचे आणि पहिल्या पिकअपचे. घड्याळाच्या दिशेने फिरविली की इंधन कमी, म्हणजे मिश्रण लीन. उलट फिरविली की रिच. आपली शाळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, येथील हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. त्यामुळे किनाऱ्यावर जुळविलेली सुई येथे थोडी आत घ्यावी लागते. हेही मला ठाऊक होते.

जानेवारीतील एका थंड सकाळी, पाहुणे येण्याआधी, मी ट्रक सुरू केला. सुई आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात जुळविलेली होती. थंडीत हवा दाट होते, तिला इंधन अधिक लागते. अर्थात सुई बाहेर काढायला हवी होती. पण इंजिन अजून तापलेले नव्हते, म्हणून ते गुरगुरत होते, आणि मी त्या गुरगुरण्याचा अर्थ इंधन जास्त झाले असा लावला. सुई आत फिरविली. आवाज मोकळा झाला, ट्रक सुसाट निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. वेल्ह्याकडच्या एका वाडीतून आलेली नववीतील मुलगी माझ्याजवळ उभी होती. ती म्हणाली, “सर, धूर दिसेना झालाय.” मी म्हणालो, “चांगले लक्षण आहे.” ती पुन्हा काही बोलली नाही. मैदानाच्या दुसऱ्या फेरीत इंजिन किंचाळले आणि जागच्या जागी जाम झाले. उघडून पाहिले तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते. टू-स्ट्रोकमध्ये इंधन कमी म्हणजे तेलही कमी. सायलेन्सरमधून निघणारी निळसर धुराची रेघ हीच तेल पोहोचत असल्याची खूण असते. तिने ती पाहिली होती. मी आवाज ऐकला होता, टाळ्याही ऐकल्या होत्या.

दुसरे इंजिन माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आले. त्या वर्गणीचा हिशेब देताना मी इंजिन का गेले हेही सभेत सांगितले. त्या दिवसापासून सुईला हात लावण्याआधी वहीत वेळ, हवेचे तापमान आणि धुराचे वर्णन लिहिण्याचा नियम आहे, आणि वही माझ्याकडे नाही; त्या मुलीकडे आहे. पेच एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढाच फिरवायचा, मग मैदानाच्या दोन फेऱ्या, मग पुन्हा ऐकायचे. आधी मोठी सुई, नंतर लहान. ग्लो प्लगच्या कडेला तापमान १०५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. तापमापक नसेल तेव्हा हेडवर पाण्याचा थेंब टाकावा: तीन-चार सेकंदांत चरचरत आटला तर ठीक, टाकताच उडाला तर इंजिन फार तापले. मंद गतीत इंधनाची नळी कार्ब्युरेटरजवळ चिमटीत धरली तर इंजिनाने किंचित वेग घेऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडावे. लगेच बंद पडले तर लीन, रेंगाळले तर रिच. या तिन्ही खुणा एकमेकींशी जुळल्या तरच सुईवर विश्वास ठेवावा.

जुळणीचा उरलेला भाग जमिनीवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी ओसरते आणि उघडा पडलेला सपाट गाळ भेगाळतो. तेथे स्प्रिंग किंचित ताठ आणि ट्रकची उंची कमी बरी. राजगडाच्या पायथ्याकडील दगडगोट्यांत याच्या उलट. तेथे शॉकमधील तेल पातळ हवे, म्हणजे चाक दगडाच्या आकाराप्रमाणे खालीवर होते. घट्ट तेलाने ट्रक बेडकासारखा उड्या मारतो. एका फुटावरून ट्रक सोडला असता तळ आपटू नये आणि खालचे आडवे दांडे जमिनीला साधारण समांतर येऊन थांबावेत. चढासाठी क्लच बेल कमी दात्यांची घातली: वेग गेला, ओढ आली. क्लच बेल आणि मोठ्या गिअरचे दाते बसविताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून घट्ट करावे आणि पट्टी फिरवून काढावी. तेवढीच फट योग्य. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक लावावे, नाहीतर स्क्रू शोधण्यात शाळेची अर्धी सुटी जाते.

पावसाळ्यात ट्रक चालत नाही. वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको. शिवाय मिथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि टाकीत राहिलेल्या थेंबांनीही बेअरिंग गंजतात. मे अखेरीस टाकी रिकामी करून उरलेले इंधन जाळून संपवितो, ग्लो प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडतो, इंजिन हाताने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवतो, म्हणजे तो वरच्या अरुंद टोकात अडकून राहत नाही. मग पेटी.

दिवाळीनंतर ती पुन्हा उघडली. वहीतील या हंगामाची पहिली नोंद अशी आहे: “सकाळी साडेसात. हवा १६ अंश. मोठी सुई एक तास बाहेर. धूर आहे. सरांना विचारले, सर म्हणाले अजून थोडी आत घे. घेतली नाही.”