नदीची नोंद आणि यंत्राची स्मृती

रोह्याची कुंडलिका, नागोठण्याची अंबा आणि पेणची भोगावती या नद्या डोंगरातून उतरतात आणि थोड्याच अंतरात खाडीला मिळतात. त्यामुळे घाटातील पाऊस काही तासांत खाली येतो आणि त्याच वेळी भरती असली, तर पाणी तुंबते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा कहर रायगड जिल्ह्याने सोसला आहे. पाणी कोणत्या मिनिटाला किती चढले, याची अखंड नोंद अशा ठिकाणी किती मोलाची असते, हे निराळे सांगावयास नको.

समजा, ही नोंद ठेवणारे छोटे यंत्र ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर बांधले आहे. इंटेल कंपनीने १९८० साली आणलेल्या या चिपमध्ये बदलत्या माहितीसाठी अवघे १२८ बाइट असतात. बाहेर स्मृती जोडता येते. परंतु पत्त्याच्या तारा सोळाच असल्याने ६५,५३६ घरांपलीकडे चिपची नजर पोहोचत नाही. त्यातील निम्मी, म्हणजे ३२,७६८ घरे नोंदींस दिली आणि दर मिनिटास आठ बाइटची एक नोंद केली, तर दिवसाला ११,५२० बाइट लागतात. म्हणजे तीन दिवसही पुरे होण्यापूर्वी जागा संपते. आठवडाभर झड लागली आणि रस्ता बंद झाला, तर नेमक्या पुराच्या नोंदी पुसल्या जाणार!

यावर उपाय आहे. तलाठ्याच्या मेजावर एका वेळी एकच दप्तर मावते, म्हणून त्याच्या कपाटातही एकच दप्तर असते असे नाही. येथेही ५१२ किलोबाइटची चिप बसवून तिचे ३२ किलोबाइटचे सोळा भाग पाडावयाचे. खालची ३२ किलोबाइट जागा नित्याच्या कामास ठेवावयाची आणि वरची जागा म्हणजे आपले मेज. कोणते दप्तर मेजावर आहे, हे चार बिटांच्या एका नोंदकात लिहिले की झाले. आता तोच वेग ठेवूनही पंचेचाळीस दिवसांची नोंद राहते.

हा नोंदक आणि चिपची निवड करणारे तर्कमंडल पूर्वी अनेक सुट्या चिप जोडून करीत. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज कंपनीने ‘पाल’ ही प्रोग्रामेबल लॉजिकची चिप आणली. ती एकदाच लिहिता येई. १९८५ च्या सुमारास लॅटिस कंपनीची पुसून पुन्हा लिहिता येणारी ‘गाल’ आली आणि तारा न उकलता तर्क बदलणे शक्य झाले. आज अशी एकच चिप पत्ता तपासते, नोंदक सांभाळते आणि योग्य स्मृतीस जागे करते. तिला लागणारा विलंब काही नॅनोसेकंदांचा असतो. ८०५१ च्या मंद चालीपुढे तो नगण्य होय.

खरी अडचण दुसरीकडे आहे. दप्तर बदलून नोंद लिहीत असतानाच मध्ये इंटरप्ट आला आणि त्या उपक्रमाने दप्तर बदलून ते पूर्ववत केले नाही, तर पुढील बाइट भलत्याच ठिकाणी पडतात. यंत्र बंद पडत नाही, तक्रार करीत नाही. नोंद मात्र खोटी होते. म्हणून इंटरप्टच्या उपक्रमाने आरंभी चालू दप्तराचा क्रमांक जपून ठेवावा आणि परतताना तोच पुन्हा लिहावा. चालू क्रमांकाची एक प्रत आतल्या स्मृतीत असू द्यावी. तसेच वीज येताच रीसेटने नोंदक शून्यावर आला पाहिजे.

वीज जाताना तर अधिकच दक्षता हवी, आणि पावसाळ्यात वीज जाणारच. स्मृती बॅटरीवर जिवंत राहिली, तरी उतरत्या दाबात तर्काची चिप काय करील याचा भरवसा नसतो. तेव्हा स्मृतीस जागे करण्याचा शेवटचा अधिकार प्रोग्रामेबल लॉजिककडे न ठेवता, विद्युतदाबावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र चिपकडे द्यावा. दाब ठरलेल्या मर्यादेखाली जाताच तिने दार बंद करावे.

नवे यंत्र घ्यावयाचे असल्यास हा खटाटोप करू नये, असे आमचे मत आहे. मोठ्या स्मृतीचे मायक्रोकंट्रोलर आज स्वस्त आहेत. परंतु चालू यंत्राचा उपक्रम वर्षानुवर्षे पारखलेला असेल आणि केवळ जागा अपुरी पडत असेल, तर एक स्मृती, एक तर्कचिप आणि थोडे डाखकाम एवढ्यावर भागते. तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांस प्रकल्प म्हणून हे काम सहज घेता येईल. मात्र पहिली चाचणी प्रयोगशाळेच्या मेजावर घ्यावी: नोंदी चालू असताना वीज शंभर वेळा तोडावी आणि प्रत्येक वेळी सोळाही दप्तरे वाचून पाहावीत.