निसर्गदृश्यासह मॉडेल रेल्वेचे मॉड्यूल

प्रश्न : घरात जागा कमी आहे. मॉडेल रेल्वेचे देखाव्यासह छोटे मॉड्यूल कसे बनवावे?

उत्तर : कमी जागेसाठी ‘टी-ट्रॅक’ ही पद्धत सोयीची ठरते. यात टेबलावर ठेवायच्या लाकडी पेट्या रुळांच्या सांध्यांनीच एकमेकींना जोडल्या जातात. एन स्केलमध्ये (१:१६०) एकेरी सरळ पेटीची लांबी ३०८ मिमी असते. तिच्यावरचे काटो कंपनीचे २४८ आणि ६२ मिमीचे रूळ मिळून ३१० मिमी होतात. दोन्ही टोकांना रूळ १ मिमी पुढे राहत असल्याने पेट्या न घासता रूळ जुळतात.

आधी रूळ बसवून, वायर जोडून सर्वांत लांब डबा चालवून पाहावा. डोंगर, झाडे किंवा फलाट डब्याला घासणार नाहीत, एवढी जागा तेव्हाच ठरवावी. डोंगरासाठी थर्माकोलचे थर कापून चिकटवावेत. सॉल्व्हंट असलेल्या गोंदाने थर्माकोल विरघळतो, म्हणून पांढरा गोंदच वापरावा. त्यावर प्लॅस्टरमध्ये भिजवलेल्या कापडी पट्ट्या पसरून वाळल्यावर मातकट रंग द्यावा. मग चाळलेली माती आणि कृत्रिम गवत पसरून पाण्याचा फवारा मारावा आणि निम्मे पाणी मिसळलेला गोंद ड्रॉपरने सोडावा. गोंदात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकल्यास तो खोलवर झिरपतो. हे करताना रूळ चिकटपट्टीने झाकावेत.

माणसे शेवटी बसवावीत. १६० सेमी उंचीची व्यक्ती येथे १० मिमीची होते. त्यामुळे पेटीवर एकच ठळक प्रसंग, उदाहरणार्थ फाटकाशी थांबलेली बैलगाडी, मध्यापासून थोडा बाजूला मांडावा.