नांगर उचलण्याआधी मिटवायचे वाद : बाल्मिसची लस-सफर



शाळेची सहल ठरते तेव्हा काय होतं, आठवा बरं. बस कोणती, पैसे किती, जेवणाचं काय, सोबत कोणते सर, कोणत्या बाई? आठवडाभर वाद चालतो. शेवटी कंटाळून कुणीतरी म्हणतं, "निघूया एकदाचं, बाकीचं वाटेत बघू." आज आपण एका अशा समुद्रसफरीचा अभ्यास करू, जिथे एक वाद न मिटवता निघावं लागलं आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली.

अडचण काय होती?

एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ मध्ये देवीच्या लशीची माहिती प्रसिद्ध केली. पण ती लस दूर न्यायची कशी? तेव्हा ना फ्रिज, ना बर्फाची पेटी. लांबच्या प्रवासात, उष्ण हवेत लस निकामी होई. खात्रीचा उपाय एकच होता. एकाच्या दंडावर लशीचा फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, त्याच्यापासून तिसऱ्याला. आपल्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, तीसुद्धा बगदाद-बसऱ्याकडून अशाच साखळीने आली होती.

स्पेनला ही लस अमेरिकेतल्या आणि पुढे फिलिपिन्स बेटांवरच्या आपल्या वसाहतींत पोचवायची होती.

निघण्यापूर्वीचे वाद

पहिला वाद पद्धतीचा. होसे फ्लोरेस या डॉक्टरांची योजना मोठी होती: दोन जहाजं, आणि त्यावर गोस्तनदेवी झालेल्या गाईसुद्धा. फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस यांची योजना आटोपशीर होती: ज्यांना देवी आलेली नाही अशी मुलं न्यायची आणि वाटेत साखळी चालू ठेवायची. बाल्मिस यांची योजना मंजूर झाली.

दुसरा वाद अवघड. मुलं कुणाची? कोणते आईबाप आपलं लेकरू देतील? शेवटी ३ ते ९ वर्षांची २२ अनाथ मुलं निवडली. ज्यांच्या वतीने 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं, त्यांनाच निवडलं, हे विसरू नका हं. त्यांचं पालनपोषण आणि शिक्षण सरकारी खर्चाने करायचं ठरलं. सांभाळायला ला कोरुन्या इथल्या अनाथालयाच्या प्रमुख इसाबेल सेन्दाल बरोबर निघाल्या. प्रत्येक मुलाला काय द्यायचं याची यादी झाली: सहा सदरे, बुटांचे दोन जोड, टोपी, थंडीसाठी जाड कपडे, रुमाल, कंगवा, पेला, ताटली. कंगव्यापर्यंत विचार झाला होता, बघा!

३० नोव्हेंबर १८०३ रोजी 'मारिया पिता' हे जहाज ला कोरुन्याहून निघालं.

थोडं गणित करू

एका वेळी दोन मुलांना टोचायचं, म्हणजे एकाचा फोड नीट आला नाही तरी साखळी तुटत नाही. फोड तयार व्हायला साधारण ९ दिवस धरू. २२ मुलं म्हणजे ११ जोड्या, ११ × ९ = ९९ दिवस. एखादं मूल चुकून आधीच टोचलं गेलं, तर हा हिशेब लगेच कमी होतो.

अकापुल्कोचा वाद

मेक्सिकोतून फिलिपिन्सला जायला २६ नवी मुलं घेतली. बरीचशी आईवडिलांकडून, परत आणून देण्याच्या बोलीवर. पण आता फरक असा, की 'मारिया पिता' मोहिमेसाठी भाड्याने घेतलेलं जहाज होतं, आणि 'मागायानेस' या जहाजावर हे सगळे नुसते प्रवासी! व्हाइसरॉय इतुरिगाराय आणि बाल्मिस यांचं आधीच पटत नव्हतं. जहाजावरची जागा आणि भाडं यांवरून कुरबुर राहिलीच. फेब्रुवारी १८०५ मध्ये जहाज सुटलं.

बाल्मिस यांनी नंतर तक्रार केली, की भाडं भरमसाट घेतलं आणि मुलांना घाणेरड्या जागी जमिनीवर झोपवलं. उंदरांनी मुलं घाबरत. जहाज हेलकावलं की ती एकमेकांवर आदळत आणि नको तेव्हा एकाची लस दुसऱ्याला लागे. म्हणजे जागेचा वाद हा नुसता सोयीचा वाद नव्हता, त्यावर लशीची साखळी अवलंबून होती. १५ एप्रिलला जहाज मनिलाला पोचलं. साखळी टिकली, पण मुलांचे हाल करून.

यातून काय शिकायचं?

किनाऱ्यावर असेपर्यंत आपण भांडू शकतो, अटी घालू शकतो. नांगर उचलला की कप्तानाचा शब्द शेवटचा. म्हणून वाद टाळू नका, निघण्याआधी मिटवा.

आणि नुसतं लिहून ठेवणंही पुरत नाही. स्पेनहून आलेली मुलं मेक्सिकोत मागे राहिली. इसाबेल पुढे मनिलाला गेल्या आणि त्या मुलांची दिलेल्या वचनाप्रमाणे काळजी घेतली गेली नाही. कागद होता, विचारणारं माणूस नव्हतं. ठरलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे 'हे कोण बघणार?' याचं उत्तर हवं.

स्वाध्याय

१. २६ मुलांच्या जोड्या करून लस किती दिवस टिकेल ते काढा. मनिलाच्या सुमारे सव्वादोन महिन्यांच्या प्रवासाला ती पुरेशी होती का?
२. तुम्ही बाल्मिस असता, तर 'मागायानेस'वर चढण्याआधी कोणत्या तीन अटी लिहून घेतल्या असत्या?
३. अनाथ मुलांना या कामासाठी नेणं योग्य होतं का? दोन्ही बाजू मांडा.