पगार नसलेल्या बाईची भरपाई कोर्ट कशी मोजते?

प्रश्न : माझी मावसबहीण दुचाकीवर मागे बसलेली असताना मोटारीच्या धडकेत गेली. वय 38. घर, दोन मुले, सासूबाई, सगळे तीच बघायची. क्लेम टाकायचा म्हणून भाऊजी वकिलांकडे गेले, तर अर्जात ‘मयताचे मासिक उत्पन्न’ असा रकाना. तिला पगार नव्हता. मग कोर्ट तिची भरपाई धरते तरी कशाच्या आधारावर?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी एवढे करा, त्या रकान्यात ‘शून्य’ लिहू नका. भाऊजींना लिहू देऊ नका आणि वकिलांच्या कारकुनालाही नको.

पूर्वी याचे उत्तर फारच सोपे होते आणि तितकेच विचित्र. मोटार वाहन कायद्याला 1994 मध्ये जोडलेल्या तक्त्यात म्हटले होते की, गृहिणीचे उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरावे. म्हणजे शिपायाची बायको स्वस्त आणि साहेबांची महाग. साहेबांकडे धुण्याभांड्याला बाई येते नि शिपायाच्या घरी सगळे हिलाच उरकावे लागते, याचा हिशेब कुठेच नाही! तो तक्ता 2022 पासून कायद्यातून गेला.

त्याआधीच कोर्टांनी वेगळी वाट धरली होती. जमशेदपूरला 3 मार्च 1989 रोजी टाटांच्या पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागून अनेक बायका-मुले दगावली. तो मोटार अपघात नव्हता, पण गृहिणींच्या भरपाईचा प्रश्न तिथे मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. हिशेबाचे काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे होते. त्यांनी गृहिणीच्या कामाचे मोल वर्षाला 12,000 रुपये धरले. सर्वोच्च न्यायालयाला 2001 मध्ये ते फारच कमी वाटले आणि मध्यमवयीन गृहिणींसाठी त्याने महिन्याला 3,000 धरले. पुढे 2010 मध्ये एका अपघाताच्या दाव्यात न्या. गांगुली यांनी जनगणनेवर बोट ठेवले. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याच ‘काम न करणाऱ्या’ गटात बसवले होते.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. अचलपूरच्या न्यायाधिकरणाने 2007 मध्ये एका महिलेच्या घरच्यांचा दावा फेटाळला. कारण, ती गृहिणी, तिला उत्पन्न नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, पण त्याला 2020 साल उजाडले.

आजची स्थिती बरी आहे. जानेवारी 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्याच वेळ-पाहणीचा आधार घेतला. त्यानुसार बाई बिनपगारी घरकामावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते, पुरुष 97. गृहिणीच्या उत्पन्नातही पुढची वाढ धरायची, हे या निकालाने पक्के झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीवरच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. माझ्या मते ही पातळीही खालचीच. किमान वेतन आठ तासांचे असते आणि त्यात साप्ताहिक सुटी असते.

आता तुमच्या बहिणीचा हिशेब नमुन्यादाखल करून पाहू. समजा, कोर्टाने महिन्याला 12,000 धरले. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, झाले 16,800. अवलंबून चार माणसे धरली, तर तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 12,600. वर्षाचे 1,51,200. छत्तीस ते चाळीस वयासाठी गुणक 15. गुणाकार 22,68,000 रुपये. शिवाय अंत्यसंस्काराचा खर्च, मालमत्तेचे नुकसान आणि नवऱ्याला, मुलांना तिच्या सहवासाला मुकावे लागले त्याबद्दल ठरावीक रकमा वेगळ्या. आयुष्यभर घरच्यांआधी जेवायला न बसलेल्या बाईचाही ‘स्वतःचा खर्च’ कापतात, ही या गणितातली मला खटकणारी गोष्ट.

12,000 चा आकडा वर नेता येतो का, हे मात्र तुमच्या कागदांवर आहे. ती शिवणकाम करायची? डेअरीला दूध घालायची? मग दुधाच्या स्लिपा, बचत गटाचे पासबुक, गिऱ्हाइकांचे जबाब गोळा करा. घरकामाच्या मोलावर हे उत्पन्न जास्तीचे म्हणून मागता येते. वयासाठी शाळेचा दाखला घ्या, कारण वयाच्या एका वर्षाने गुणक बदलू शकतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मोटारीच्या विम्याची प्रत हे तर लागतेच. मोटारवाल्याचा निष्काळजीपणा यातूनच दाखवायचा असतो.

अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला, तरी राहत्या ठिकाणी सांगलीला दावा लावता येतो. 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

आणि भाऊजींना आधीच कल्पना द्या. निकाल लागला, तरी सगळी रक्कम त्यांच्या हाती पडत नाही. मुले अज्ञान असतील, तर त्यांचा वाटा सहसा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो. मधे फी वगैरेसाठी पैसे लागले, तर कोर्टात अर्ज करून परवानगी घ्यावी लागते.