पूर्णवेळ नोकरदाराचा व्यायाम : मात्रा आणि काल

औषध देताना वैद्य मात्रा, काल व अनुपान यांचा विचार करतो. व्यायाम सांगताना मात्र ‘रोज थोडा व्यायाम करा’ एवढ्यावरच थांबतो. प्रमेह, स्थौल्य, कटिशूल या व्याधींत हा उपदेश निष्फळ ठरण्याचे हे एक प्रमुख कारण होय. घोडबंदर रोड परिसरातील नोकरदार रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात याचा विचार केला आहे.

रुग्णाची दिनचर्या : कासारवडवली, वाघबीळ वा मानपाडा येथून बसने किंवा रिक्षाने ठाणे स्थानक, पुढे लोकलने मुंबई, दिवसभर खुर्ची आणि सायंकाळी कापूरबावडीच्या वाहतुकीतून परत. या रुग्णास श्रम घडतात, व्यायाम घडत नाही. चरकाचार्यांनी प्रमेहाचा हेतू म्हणून सांगितलेले ‘आस्यासुख’ येथे सुखावाचूनच उपस्थित असते. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत शहरी भागातील ६५ टक्के व्यक्ती व्यायामाच्या दृष्टीने निष्क्रिय आढळल्या.

शास्त्रविचार : श्रान्त, क्षुधित व तृषित व्यक्तीस चरकसंहितेत व्यायाम निषिद्ध आहे. रात्री आठ वाजता घरी पोहोचणारा हा रुग्ण नेमका याच अवस्थेत असतो. त्यास रात्रीची व्यायामशाळा सांगणे अशास्त्रीय आहे. पंधरा दिवसांत तो व्यायाम सोडतो आणि दोष त्याच्या आळसाला दिला जातो. दुसरा मुद्दा अर्धशक्तीचा. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि मुखशोष ही तिची लक्षणे. वाग्भटाचार्यांच्या मते अर्धशक्ती व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी आणि वसंतात करावा. अन्य ऋतूंत त्याहून अल्प.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आणि तो सलग किमान दहा मिनिटे असावा ही पूर्वीची अट काढून टाकली. व्यायाम विभागून देण्यास यामुळे पुष्टी मिळते.

योजना :
१) प्रातःकाळी, मलमूत्रविसर्जनानंतर, आदल्या रात्रीचे अन्न जिरले असता २० मिनिटे सूर्यनमस्कार व आसने. आरंभ तीन-चार नमस्कारांनी करून अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे.
२) कार्यालयाच्या बाजूस जाता-येता दहा-दहा मिनिटे झपाट्याने चालावे. बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढी गती असावी.
३) कामाच्या वेळी दर तासाला दोन-तीन मिनिटे उठावे. भोजनोत्तर शतपावली मंद असावी. ती व्यायामात धरू नये.
४) रात्री लघु आहार व संकुलाच्या आवारातच संथ फेरी. मुख्य रस्त्याच्या धुरा-धुळीत चालणे टाळावे.

सकाळचे सहा दिवस व चालण्याचे पाच दिवस धरल्यास आठवड्यास २२० मिनिटे होतात आणि सायंकाळच्या वेळेवर काहीच अवलंबून राहत नाही. आठवडाभराचे उणे भरून काढण्यासाठी रविवारी येऊरच्या चढावर धावणे अनभ्यस्त शरीरास अपायकारक ठरू शकते.

हृद्रोगी, तसेच इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांची पूर्वतपासणी आवश्यक. संधिवातात जिने वर्ज्य करावेत.

यापुढे रुग्णपत्रिकेत ‘घरातून निघण्याची व परतण्याची वेळ’ हा रकाना अवश्य असावा. ती नोंद पाहिल्याविना व्यायामाचा काल ठरविता येत नाही.