केरो : दोन नद्यांच्या संगमावरील शहर

प्रस्तावना

नदीकाठच्या गावाचे भाग्य नदीच्या हाती असते, असे आपण म्हणतो. नदी पाणी देते, सुपीक गाळ देते, व्यापाराची वाट खुली करते. आणि कोपली तर सर्वस्व घेऊनही जाते. परंतु गाव भरभराटीला येते किंवा ओस पडते, ते केवळ नदीमुळेच का? या प्रश्नाचा विचार करायला लावणारे एक लहानसे शहर अमेरिकेत आहे. त्याचे नाव केरो. या शहराने महापुरांना यशस्वीपणे तोंड दिले. तरीही ते रिकामे होत गेले. असे का घडले, हे प्रस्तुत पाठात पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• केरो शहराचे स्थान व त्याचे महत्त्व सांगू शकाल;
• महापुरापासून शहराचा बचाव कसा करण्यात आला, हे स्पष्ट करू शकाल;
• शहराच्या ऱ्हासाची कारणे क्रमाने मांडू शकाल;
• सामाजिक भेदभावाचा गावाच्या जीवनावर होणारा परिणाम आपल्या शब्दांत लिहू शकाल.

मूलपाठ

१. स्थान आणि नाव

उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी ही अमेरिकेची प्रमुख नदी. पूर्वेकडून येणारी ओहायो ही तिची मोठी उपनदी. इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला या दोन नद्या एकमेकींना मिळतात. नावाने ओहायो उपनदी असली, तरी संगमापाशी तिच्यात मिसिसिपीपेक्षा अधिक पाणी असते. मिसिसिपीचा गढूळ, तपकिरी प्रवाह आणि ओहायोचा त्या मानाने नितळ प्रवाह संगमानंतरही काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. या दोन प्रवाहांच्या बेचक्यात, जिभेसारख्या निमुळत्या सखल भूमीवर केरो वसले आहे. मिसिसिपीच्या पैलतीरावर मिझुरी राज्य आहे आणि ओहायोच्या पैलतीरावर केंटकी राज्य आहे.

१८१८ साली येथे नगर वसवण्याची कल्पना प्रथम पुढे आली. दोन महानद्यांमधील ही गाळाची भूमी पाहून संस्थापकांना नाईल नदीच्या खोऱ्याची आठवण झाली आणि त्यांनी इजिप्तच्या राजधानीचे नाव या जागेला दिले. परिसरातील थीब्ज, कार्नाक या गावांची नावेही इजिप्तमधूनच आलेली आहेत. दक्षिण इलिनॉयच्या या भागाला ‘लिटल इजिप्त’, म्हणजे धाकटे इजिप्त, असे म्हटले जाते. इजिप्तमधील शहराला आपण कैरो म्हणतो. येथील रहिवासी मात्र आपल्या गावाच्या नावाचा उच्चार ‘केरो’ असा करतात.

२. भरभराटीचा काळ

नकाशावर पाहिले तर व्यापारी नगरासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. प्रत्यक्षात ही भूमी दलदलीची होती आणि पुराचे पाणी तिच्यावर वारंवार पसरत असे. नगर वसवण्याचा पहिला प्रयत्न फसला. १८३७ साली एका कंपनीने पुन्हा काम हाती घेतले. तेही काही वर्षांतच कोलमडले. १८४२ साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आगबोटीने येथून गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या जागेची अत्यंत कठोर शब्दांत निंदा केली. त्याच्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीतील ‘ईडन’ नावाची रोगट वसाहत केरोवरूनच सुचली असावी, असे मानले जाते.

१८५० नंतर परिस्थिती पालटली. शहराभोवती मातीचे बांध उभे राहिले आणि इलिनॉय सेंट्रल रेल्वे या टोकापर्यंत येऊन पोहोचली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले, तेव्हा संगमाचे लष्करी महत्त्व एकदम वाढले. उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्याने येथे तळ ठोकला. जनरल युलिसिस ग्रँट याने केरो येथूनच मोहिमा आखून १८६२ च्या फेब्रुवारीत फोर्ट हेन्री व फोर्ट डोनल्सन हे किल्ले जिंकले. हाच ग्रँट पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

केरोचे आणखी एक महत्त्व होते. इलिनॉयमध्ये गुलामगिरीला मान्यता नव्हती. पैलतीरांवरील मिझुरी आणि केंटकी या राज्यांत ती चालू होती. त्यामुळे गुलामगिरीतून सुटू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने केरो म्हणजे स्वातंत्र्याचे दार होते. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीतील हक आणि पळून आलेला गुलाम जिम तराफ्यावरून निघतात, ते केरो गाठण्यासाठीच. तेथून ओहायो नदीने वर जाऊन जिमला मुक्त राज्यांत पोहोचायचे असते. पण धुक्याच्या रात्री केरो मागे राहते आणि प्रवाह त्यांना अधिकच दक्षिणेकडे नेतो. कथेतील जिम येथे पोहोचला नाही. परंतु युद्धकाळात गुलामगिरीतून मुक्त झालेले हजारो कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष केरोला आले. त्यांपैकी अनेकांनी तेथेच घरे केली.

युद्धानंतर शहराची भरभराट झाली. नदीवर पूल नसल्यामुळे रेल्वेच्या वाघिणी मोठ्या नावांवर चढवून ओहायोपार नेल्या जात. धक्क्यावर आगबोटींची गर्दी असे. १८७२ साली जकात कार्यालयाची भव्य दगडी इमारत पूर्ण झाली. १८८४ साली सॅफर्ड स्मारक ग्रंथालय उघडले. १८८९ साली रेल्वेचा पूल झाला आणि वाघिणी पार करण्याचा धंदा संपला. तरी शहराची वाढ थांबली नाही. १९२० च्या जनगणनेत केरोची लोकसंख्या १५,२०३ होती.

पाठगत प्रश्न १

(अ) केरो कोणत्या दोन नद्यांच्या संगमावर आहे?
(आ) गुलामगिरीतून सुटू पाहणाऱ्यांना केरो महत्त्वाचे का वाटत असे?

३. पाण्याशी झुंज

केरोच्या तिन्ही बाजूंनी पाण्याला अडवणारे बांध व भिंती आहेत. उत्तरेकडील रस्त्यावर एक प्रचंड पोलादी दरवाजा बसवलेला आहे. महापुराच्या वेळी तो बंद केला की शहर एखाद्या किल्ल्याप्रमाणे चहूबाजूंनी सुरक्षित होते.

१९२७ साली मिसिसिपीच्या खोऱ्यात भीषण महापूर आला. त्यानंतर १९२८ साली अमेरिकेच्या संसदेने पूरनियंत्रणाचा कायदा केला. नदीला केवळ बांधांनी जखडून भागत नाही, तिला पसरायला जागाही द्यावी लागते, हा धडा त्यातून घेतला गेला. या योजनेत केरोसमोर, मिझुरीच्या तीरावर, सुमारे १ लाख ३० हजार एकर जमिनीचा पट्टा पुराचे पाणी सोडण्यासाठी राखून ठेवण्यात आला. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले, की तेथील बांध सुरुंगाने फोडायचा आणि केरोवरील ताण कमी करायचा, अशी ही व्यवस्था होती.

१९३७ च्या महापुरात हा उपाय प्रथम योजला गेला. त्या वेळी केरो येथे पाण्याची पातळी ५९.५ फुटांपर्यंत चढली. ओहायोकाठची अनेक शहरे पाण्याखाली गेली. केरो मात्र वाचले.

अशीच वेळ २०११ साली पुन्हा आली. शहर सोडून जाण्याचा आदेश रहिवाशांना देण्यात आला. बांध फोडू नये, यासाठी मिझुरी राज्याने न्यायालयात धाव घेतली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. २ मे रोजी पाणी ६१.७२ फूट या विक्रमी पातळीला पोहोचले. त्याच रात्री लष्कराच्या अभियंता दलाने मिझुरीतील बांध स्फोटाने उडवला आणि पाणी उतरू लागले.

केरो वाचले, पण त्याची किंमत इतरांनी मोजली. राखीव पट्ट्यातील शेते आणि घरे पाण्याखाली गेली. तेथेच पिनहुक नावाचे एक छोटे खेडे होते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९४० च्या दशकात ते वसवले होते. स्फोटानंतर आलेल्या पाण्याने ते उद्ध्वस्त झाले. एका गावाला वाचवताना दुसरे गाव बुडावे लागणे, हा पूरनियंत्रणातील सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि केवळ अभियांत्रिकीच्या गणिताने तो सुटत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) मिझुरीच्या तीरावरील जमिनीचा पट्टा कशासाठी राखून ठेवला होता?
(आ) २०११ साली केरो वाचवताना कोणते खेडे उद्ध्वस्त झाले?

४. माणसामाणसांतील भिंती

बाहेरचे पाणी थोपवणाऱ्या या शहराच्या आतही एक भिंत होती. ती वर्णभेदाची होती. १९०९ साली खुनाचा आरोप असलेल्या विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला हजारोंच्या जमावाने खटला न चालवताच भर रस्त्यात ठार मारले. सुप्रसिद्ध पत्रकार आयडा वेल्स या स्वतः केरोला गेल्या. त्यांनी माहिती गोळा केली आणि कैद्याचे रक्षण न करणाऱ्या शेरीफला पुन्हा पदावर घेऊ नये, अशी बाजू इलिनॉयच्या गव्हर्नरपुढे मांडली. गव्हर्नरने ती मान्य केली.

पुढील अर्धशतकात कायदे बदलले. व्यवहार फारसा बदलला नाही. १९६२ साली तरुण कार्यकर्त्यांनी केरोमध्ये अहिंसक आंदोलन सुरू केले. पुढे संसद सदस्य झालेले जॉन लुईस हे त्यांच्यापैकी एक होते. शहरातील पोहण्याच्या तलावात केवळ गोऱ्यांना प्रवेश होता. त्या तलावापाशी आंदोलक गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. परंतु सर्वांनी मिळून पोहण्याऐवजी तलावच बंद करण्यात आला. कृष्णवर्णीय मुलांना जे मिळू द्यायचे नव्हते, ते गोऱ्या मुलांनाही उरले नाही.

१९६७ साली रजेवर घरी आलेल्या रॉबर्ट हंट या एकोणीस वर्षांच्या कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस ठाण्यात मृत्यू झाला. ही आत्महत्या असल्याचे पोलिसांनी सांगितले; कृष्णवर्णीय नागरिकांचा त्यावर विश्वास बसला नाही आणि शहरात दंगल उसळली. गोऱ्या नागरिकांनी सशस्त्र गट उभारला. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी ‘युनायटेड फ्रंट’ ही संघटना स्थापन केली. शहरातील दुकाने त्यांच्याकडून पैसे घेत, पण त्यांना नोकरीवर ठेवत नसत. म्हणून अशा दुकानांवर त्यांनी बहिष्कार घातला. अनेक दुकानदारांनी दुकान बंद करणे पत्करले. कृष्णवर्णीय माणसाला कामावर ठेवणे पत्करले नाही. एकेकाळी गजबजलेल्या पेठेतील दुकानांना एकामागून एक टाळी लागली.

५. ऱ्हास आणि आजचे केरो

ऱ्हासाची कारणे केवळ सामाजिक नव्हती. आगबोटींचा काळ संपला होता. १९२९ व १९३८ साली दोन्ही नद्यांवर मोटारींसाठी पूल झाले आणि वाहने केरोत न थांबता पुढे जाऊ लागली. १९७८ साली नवा महामार्ग शहराला वळसा घालून गेला. अशी संकटे इतर नदीकाठच्या शहरांवरही आली. परंतु ज्या वेळी सर्वांनी एकत्र बसून नवा मार्ग शोधायला हवा होता, त्याच वेळी केरोचे नागरिक एकमेकांविरुद्ध उभे होते. १९७० साली लोकसंख्या ६,२७७ वर आली; २०२० च्या जनगणनेत ती अवघी १,७३३ भरली.

२०१७ साली आणखी एक आघात झाला. दोन सरकारी वसाहती राहण्यायोग्य उरल्या नसल्याचे जाहीर झाले आणि सुमारे ४०० रहिवाशांना घरे सोडावी लागली. शहरात किराणा मालाचे दुकानही राहिले नव्हते. तेव्हा रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर दुकान काढण्याचे ठरवले आणि २०२३ साली ते सुरू केले. ज्या शहरात दुकानांवरून समाज दुभंगला, तेथे सर्वांच्या मालकीचे दुकान उघडावे, ही घटना लहान असली तरी अर्थपूर्ण आहे.

जकात कार्यालयाच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. संगमावरून आजही मालवाहू पडावांच्या रांगा ये-जा करतात. नदीने केरोला दिलेले स्थान तिने परत घेतलेले नाही. भिंती बांधून शहराने पाणी अडवले; पण आपल्याच माणसांमधल्या भिंती वेळीच पाडल्या नाहीत, त्याची किंमत त्याला अधिक मोजावी लागली.

तुम्ही काय शिकलात?

• मिसिसिपी व ओहायो यांच्या संगमामुळे केरोला व्यापारी व लष्करी महत्त्व मिळाले.
• बांध, पोलादी दरवाजा आणि राखीव पट्टा यांमुळे १९३७ व २०११ च्या महापुरांत शहर वाचले. मात्र २०११ साली पिनहुक उद्ध्वस्त झाले.
• वाहतुकीतील बदल आणि वर्णभेद या दोहोंमुळे शहराचा ऱ्हास झाला.

शब्दार्थ

बेचके – दोन फाट्यांमधील जागा
आगबोट – वाफेच्या शक्तीवर चालणारी बोट
वाघीण – रेल्वेचा मालडबा
यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध
पडाव – माल वाहून नेणारी सपाट तळाची मोठी नाव
पत्करणे – मान्य करणे, स्वीकारणे
ओस पडणे – निर्जन होणे
तोंड फुटणे – सुरुवात होणे

स्वाध्याय

१. केरो शहराच्या भरभराटीची कारणे पाच-सहा ओळींत लिहा.
२. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगातून कोणती गोष्ट स्पष्ट होते, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘एका गावाला वाचवताना दुसरे गाव बुडावे लागणे’ याविषयी तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या परिसरातील नदीकाठच्या एखाद्या गावाची वयस्क व्यक्तींकडून माहिती मिळवा व त्या गावाचा परिचय शंभर शब्दांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) मिसिसिपी व ओहायो. (आ) इलिनॉयमध्ये गुलामगिरीला मान्यता नव्हती; पैलतीरांवरील राज्यांत मात्र ती चालू होती.
२. (अ) महापुराचे पाणी सोडून केरोवरील ताण कमी करण्यासाठी. (आ) पिनहुक.