दुसरी प्रत

22 जुलै 2021 च्या पहाटे रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहरात वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले. अतिवृष्टीमुळे नदीला महापूर आला होता. बाजारपेठेतील कित्येक दुकाने आणि घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. 1864 साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही या पुराचा तडाखा बसला. 2005 च्या पुरातही या ग्रंथालयाची अशीच हानी झाली होती.

पूर ओसरल्यावर माणसांनी भिंती धुतल्या, भांडी घासून घेतली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत अन्यत्र मिळू शकते. परंतु आजोबांच्या तरुणपणीचे छायाचित्र एकच असेल आणि त्याचा चिखलात लगदा झाला, तर ते कोणत्या दुकानातून आणावे?

आता छायाचित्रे भिंतीवर थोडी आणि मोबाइलमध्ये व संगणकात फार, अशी स्थिती आहे. रत्नागिरीतील एखाद्या घराच्या संगणकात आंब्याच्या बागेचे हिशेब असतील, ताईच्या लग्नाची चित्रफीत असेल, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही असतील. पावसाळ्याच्या तोंडाशी वीज कडाडते आणि संगणक एका क्षणात निकामी होतो. कधी तर विजेचीही गरज नसते. घाईत चुकीची कळ दाबली गेली, तरी पुरे.

यावर सोपा उपाय म्हणजे बाहेरून जोडता येणारी लहान हार्ड डिस्क. ती तळहातावर मावते. 1956 साली अमेरिकेतील आय.बी.एम. या कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सारे यंत्र मिळून वजन सुमारे एक टन भरे. एवढे असूनही त्यात जेमतेम 50 लाख अक्षरे मावत. आज एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये एक लाख कोटी अक्षरे मावतात. प्रत्येकी चार मेगाबाइटची छायाचित्रे धरली, तर त्यांची संख्या अडीच लाख होते.

आतील रचना मोठी नाजूक असते. चुंबकीय लेप दिलेल्या चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. लिहिणारे व वाचणारे टोक त्यांच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. म्हणून डिस्क चालू असताना तिला धक्का लागू देऊ नये आणि ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा दिल्यावाचून तिची तार उपटू नये. कोकणातील खारी, दमट हवाही तिला मानवत नाही. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ती ठेवावी. फिरत्या तबकड्या नसलेल्या डिस्कही आता मिळतात. त्यांना धक्क्याचे भय कमी, पण बिघाड त्यांच्यातही होतो.

येथे पुष्कळांची एक चूक होते. संगणकातील जागा मोकळी करण्यासाठी ते सारी छायाचित्रे डिस्कमध्ये हलवतात आणि निश्चिंत होतात. वास्तविक प्रत पूर्वीही एकच होती आणि आताही एकच आहे. तिचे घर तेवढे बदलले! मूळ संगणकात राहावे आणि डिस्कमध्ये त्याची नक्कल असावी, तेव्हाच ती दुसरी प्रत ठरते. नक्कल झाल्यावर चार-दोन छायाचित्रे डिस्कमधूनच उघडून पाहावीत. नावे दिसतात पण चित्र उघडत नाही, असेही घडते. काम होताच डिस्क सोडवून ठेवावी. जोडलेली राहिल्यास संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम तिच्यातील प्रतीही बिघडवू शकतो.

काय आधी उतरवावे, याचाही विचार हवा. सातबाऱ्याचा उतारा सरकारी दप्तरातून पुन्हा काढता येतो. आजीचा आवाज कोणत्याही दप्तरात नाही. तो पहिल्याने उतरवावा.

तथापि संगणक टेबलावर आणि डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पुराचे पाणी दोन्हींना एकदमच गाठील. यास्तव आणखी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. इंटरनेटवरील साठ्यातही ती ठेवता येते. तेथील परवलीचा शब्द मात्र घरातील दोघा मोठ्यांना ठाऊक हवा. कोकणातल्या घरांना याहून सोपी वाटही आहे. मुंबईचे काका गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतातच. येताना त्यांनी आपल्याकडची डिस्क आणावी, घरी नवी छायाचित्रे भरलेली दुसरी तयार असावी आणि परतताना ती त्यांनी न्यावी. फक्त नारळांच्या पिशवीत नव्हे. कपड्यांच्या घडीत, मधोमध.